चालत्या ट्रेलरसाठी इव्हॅपोरेटर आणि सक्शन लाइन बनवताना

रेफ्रिजरेशनचं गणित जमिनीवर आणि चाकांवर एकच असतं. तोच कॉम्प्रेसर, तोच कंडेन्सर, तोच दाब आणि एन्थाल्पीचा आलेख. शीतगृहांच्या प्लांटवर काही वर्षं काढून मी ट्रक-ट्रेलर आतून थंड ठेवणाऱ्या युनिट्सच्या डिझाइनमध्ये आले तेव्हा पुस्तकं तीच राहिली, बाकी सगळं बदललं. शीतगृहात कॉम्प्रेसर काँक्रीटच्या पायावर बसतो आणि आयुष्यभर तिथेच राहतो. इथे तो डिझेल इंजिनाला जोडून एका चौकटीत बसवलेला, ती चौकट ट्रेलरच्या पुढच्या भिंतीला टांगलेली, आणि ती भिंत खड्ड्याखड्ड्यांतून चाललेली.

माझ्याकडे आलेलं काम ऐकायला किरकोळ होतं: चालू मॉडेलमधला गॅस बदलायचा. आर-४०४ए जाऊन आर-४५२ए येणार होता. आर-४०४एचा जागतिक तापमानवाढीचा निर्देशांक ३९२२, आर-४५२एचा साधारण २१४०. दोन्ही न पेटणारे, दाबही जवळपास सारखे. पण आर-४५२ए एका दाबाला एकाच तापमानावर उकळत नाही. उकळायला लागल्यापासून पूर्ण वाफ होईपर्यंत तापमान तीनेक अंश वर सरकतं. आर-४०४ए हेही मिश्रणच, पण त्यातली ही सरक अंशभराच्या आतली, सोडून देण्याजोगी. आता सुपरहीट, म्हणजे पूर्ण वाफ झाल्यावर गॅस आणखी किती तापला ते, मोजताना ड्यू पॉइंटच (शेवटचा थेंब वाफ होतो ते तापमान) धरायला हवा, म्हणजे कॉइलमध्ये गॅस सोडणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह नव्याने निवडायला हवा, आणि व्हॉल्व्हला हात लावला की कॉइलचा, म्हणजे इव्हॅपोरेटरमधल्या ज्या नळ्यांत गॅस उकळून हवा गार करतो त्यांचा, विषय निघतोच. कॉइल बदललं की खालचं पाण्याचं ताट बदलतं. कॉइलचं आउटलेट हललं की वाफ कॉम्प्रेसरकडे नेणारी सक्शन लाइन हलते. असं एकातून एक निघत इव्हॅपोरेटरचा अख्खा भाग आणि तिथून कॉम्प्रेसरपर्यंतचा पाइप माझ्या टेबलावर आला.

सुरुवात उष्णतेच्या हिशेबाने झाली, आणि तो भाग सोपा असतो. नाशवंत मालाच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीसाठी एटीपी नावाचा करार आहे. १ सप्टेंबर १९७० रोजी जिनिव्हात झालेला, १९७६ पासून लागू. गोठवलेल्या मालाच्या वाहनाची बॉडी त्यात ०.४० वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश यापेक्षा जास्त उष्णता आत येऊ देता कामा नये. मोठ्या ट्रेलरचं सरासरी क्षेत्रफळ साधारण १५० चौरस मीटर. बाहेर ३० अंश, आत उणे २०, म्हणजे फरक ५० अंशांचा. गुणाकार केला की ३००० वॅट येतात. करार त्यावर १.७५ चा गुणक लावायला सांगतो, म्हणजे ५२५० वॅट. पाच-सव्वापाच किलोवॅटचं युनिट म्हणजे काही फार नव्हे, असं कुणालाही वाटेल.

तो पाऊणपट जादा जातो कुठे, हे मात्र समजून घ्यावं लागतं. भिंतींमधला पॉलियुरेथेन फोम जुना होत जातो. त्याच्या पेशींतला वायू हळूहळू बाहेर पडतो, हवा आणि ओल आत शिरते. ही घट वर्षाला तीन ते पाच टक्के धरण्याची पद्धत आहे. पाच टक्के धरले तर नऊ वर्षांत आत येणारी उष्णता दीडपटीच्या वर जाते. म्हणजे गुणकातला बराचसा भाग फोमचं म्हातारपणच खाऊन टाकतं. दारांसाठी उरतं ते थोडंसं. आणि या धंद्यात खरा खर्च दारांचाच असतो.

हा हिशेब मी एकदा वेगळा मांडून पाहिला आणि त्यानंतर कॉइलकडे बघण्याची माझी नजरच बदलली. ३० अंशांच्या, ७० टक्के आर्द्रतेच्या हवेत घनमीटरला साधारण २१ ग्रॅम वाफ असते. उणे २० च्या हवेत एक ग्रॅमच्या आसपास. ट्रेलरमध्ये ८५ घनमीटर हवा धरा. माल उतरवायला मागची दारं सताड उघडी ठेवली आणि आतली सगळी हवा बदलली, तर पावणेदोन किलोच्या आसपास पाणी आत येतं. ते सगळं कॉइलवर येऊन बर्फ होणार. वाफेचा थेट बर्फ करायला किलोमागे सुमारे २८३० किलोज्यूल काढून घ्यावे लागतात, म्हणजे एकूण ४८०० किलोज्यूल. पाच किलोवॅटचं युनिट पूर्ण ताकदीने सोळा मिनिटं नुसतं हे पाणी गोठवत बसेल. तोवर माल, भिंती आणि पंख्याची उष्णता ताटकळणार. दिवसभर जागोजागी थांबत माल उतरवणाऱ्या गाडीत हे पुन्हा पुन्हा होतं. विकणारे कॅटलॉगमध्ये किलोवॅट दाखवतात, आणि चांगल्या युनिटची ताकद उणे वीसला या आकड्यापेक्षा बरीच जास्त असते ती यासाठीच. तरीही माझ्या मते ट्रेलरच्या युनिटची खरी परीक्षा किलोवॅटवर होत नाही. बर्फ साचल्यावर ते किती वेळ तग धरतं आणि साचलेला बर्फ किती झटपट, किती पूर्ण काढून टाकतं, यावर होते.

म्हणून कॉइलमध्ये पहिला वाद फिन्सच्या, म्हणजे नळ्यांवर बसवलेल्या पातळ पत्र्यांच्या, अंतराचा. फिन्स जवळजवळ लावल्या की क्षेत्रफळ वाढतं, आकडे छान दिसतात, आणि बर्फाने वाटा लवकर बुजतात. कंडेन्सरला दोन मिलिमीटरच्या आसपास अंतर चालतं. इव्हॅपोरेटरला चार मिलिमीटर आणि त्याहून जास्त लागतं. आम्ही हवा शिरते त्या बाजूच्या ओळींना विरळ फिन्स दिल्या आणि मागच्या ओळींना दाट. ओल्या हवेतलं बहुतेक पाणी पहिल्याच ओळींवर बसतं, तिथे बर्फाला जागा मिळाली की मागच्या ओळी बऱ्याच वेळ मोकळ्या राहतात. कॉइल आतल्या दिशेने जाड करायची मुभा नव्हती. इव्हॅपोरेटर जितका आत येतो तितकी मालाची जागा जाते. तेहतीस युरो पॅलेट बसणाऱ्या ट्रेलरमध्ये बत्तीसच बसणार असतील तर तुमचं युनिट कितीही गार असो, कुणी घेणार नाही.

कॉइलचा आकार ठरला, सर्किट्स ठरली, सीएफडी, म्हणजे हवेच्या प्रवाहाचं संगणकावरचं गणित, झालं. छतालगत सोडलेला झोत शेवटच्या दारापर्यंत पोचतो का, एवढंच तिथे बघायचं होतं, तो पोचला. या टप्प्याबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही. संगणकावर सगळंच नीट चालतं.

खरा वेळ गेला तो पाण्याच्या ताटावर. डिफ्रॉस्टमध्ये कॉम्प्रेसरचा गरम गॅस कंडेन्सरकडे न नेता थेट कॉइलमध्ये सोडतात. बर्फ वितळतो, पाणी खालच्या ताटात पडतं, ताटातून नळीवाटे बाहेर. यात अवघड काय, असं विचारणाऱ्याला मी तीन गोष्टी सांगते. पहिली म्हणजे ट्रेलर सपाट उभा नसतो. कधी नाक वर, कधी एका कुशीवर. एकच भोक मध्यभागी ठेवलं तर उतारावर उभ्या गाडीत पाणी कोपऱ्यात साचून तिथेच गोठणार. म्हणून दोन टोकांना दोन भोकं. दुसरी गोष्ट, आमचे पंखे कॉइलमधून हवा ओढतात, त्यामुळे ताटाजवळचा दाब बाहेरपेक्षा कमी असतो. फरक २०० पास्कलचा असला तरी तो पाण्याच्या वीस मिलिमीटर उंचीइतका होतो. पंखा चालू असताना बाहेरची हवा नळीतून वर चढते आणि पाण्याला खाली उतरू देत नाही. शिवाय ही हवा उबदार आणि ओली, म्हणजे नवा बर्फ घेऊन येणारी. त्यासाठी नळीच्या तोंडाला रबराची चपटी चोच लावतात. पाण्याच्या वजनाने ती उघडते, हवेच्या ओढीने मिटते.

तिसरी गोष्ट पंख्यांचीच. आमच्या मॉडेलमध्ये ते पट्ट्यावर फिरणारे, इंजिन चालू तर पंखा चालू. डिफ्रॉस्टसाठी इंजिन चालू हवं, पण पंखा नको. म्हणून झोताच्या तोंडाशी एक झडप असते. डिफ्रॉस्ट सुरू होताच ती मिटते आणि हवा जागच्या जागी घुसळत राहते. कॉइलवरच्या सेन्सरने दहा-पंधरा अंश दाखवले की डिफ्रॉस्ट संपलं. त्याच क्षणी झडप उघडली तर फिन्सना लटकलेले थेंब झोताबरोबर थेट मालाच्या खोक्यांवर उडतात आणि तिथे गोठतात. म्हणून गॅस बंद झाल्यावर पाणी निथळायला थोडा वेळ द्यायचा आणि मगच झडप उघडायची. हा वेळ जास्त झाला तर आतलं तापमान चढतं, कमी झाला तर खोक्यांवर बर्फाचे मणी.

चाचणीच्या खोलीत वाफ सोडून आम्ही मुद्दाम बर्फ साचवत होतो आणि आत कॅमेरा ठेवला होता. डिफ्रॉस्ट उत्तम होत होतं. कॉइल लख्ख, ताट कोरडं. फक्त डाव्या भोकाच्या काठाशी नखाएवढा बर्फ राहायचा. पुढच्या फेरीनंतर तो अंगठ्याएवढा झाला. नंतर त्याने भोकाचा अर्धा घेर व्यापला, आणि मग एकदा ताटातलं पाणी उतरेनासं होऊन काठावरून ओघळलं. ताट गरम करणारा गॅसचा पाइप होता, पण त्याचं वळण त्या भोकापासून चार बोटं लांबून जात होतं आणि पातळ पत्र्यातून तेवढी उष्णता पोचत नव्हती. उपाय अगदी गावठी निघाला: ॲल्युमिनियमची एक पट्टी गरम पाइपला घट्ट टेकवून तिचं टोक भोकातून नळीत सोडलं. पुन्हा वाफ सोडली, पुन्हा बर्फ साचवला, आणि दर फेरीनंतर भोक कोरडं. उजव्या भोकाला गरज नव्हती, तरी तिथेही लावली, कारण जुळणी करणाऱ्याने डावं-उजवं लक्षात ठेवावं अशी अपेक्षा करणं बरं नव्हे.

थंडाव्याची मोजणी त्या मानाने निवांत असते. बंदिस्त खोक्यात विजेचे हीटर ठेवायचे, युनिट चालवायचं, आतलं तापमान स्थिर झालं की हीटर आणि पंखे मिळून जेवढे वॅट घेतायत त्यात खोक्याच्या भिंतींतून आत येणारी उष्णता मिळवायची, तेवढी युनिटची ताकद. आकडे आले, अपेक्षेच्या जवळ आले, पुढे गेलो.

मग सक्शन लाइन. इव्हॅपोरेटर चौकटीला घट्ट बसवलेला असतो; इंजिन आणि कॉम्प्रेसर रबरी माउंटवर डोलत असतात. या दोघांना जोडणारा तांब्याचा पाइप. इंजिन बंद करताना वेग उतरत जातो आणि माउंटच्या स्वतःच्या कंपनसंख्येतून जाताना इंजिन एकदा जोरात हेलकावतं. ते दृश्य पाहिलं की पाइपची दया येते. हा धक्का झेलायला मधे स्टीलच्या जाळीत गुंडाळलेली लवचीक नळी घालतात. ती आडवी वाकायला तयार असते, पण लांबीच्या दिशेने ओढणं किंवा पिळणं तिला सोसत नाही. म्हणून ती क्रँकशाफ्टच्या अक्षाला समांतर ठेवायची. शिवाय ही थंड बाजू. जाळीच्या टोकाशी फट राहिली तर बाहेरचं दव आत झिरपतं, गोठतं, फुगतं, आणि आतल्या पातळ घड्या चेपून टाकतं. फट बुजवण्याची सूचना ड्रॉइंगवर मी मोठ्या अक्षरांत लिहिली.

पहिल्या नमुन्यातला पाइपचा मार्ग आधीच्या मॉडेलवरून घेतलेला होता, फक्त नव्या आउटलेटपर्यंत वाढवलेला. टिकाऊपणाच्या चाचणीत तो गळला. साबणाचा फेस लावून पाहिलं तर बुडबुडे ब्रेझिंगच्या (वितळलेला धातू भरून केलेल्या) जोडाला लागूनच, पण जोडातून नाही. त्याच्या शेजारच्या तांब्यातून. हे नेहमीचंच. ब्रेझिंगच्या उष्णतेने आजूबाजूचं तांबं मऊ पडतं, आणि जाड जोड संपून पातळ पाइप सुरू होतो तिथेच वाकण्याचा ताण एकवटतो. केसाएवढी भेग, पाइपच्या पाव घेरात.

पाइपवर ताण मोजणारे स्ट्रेन गेज चिकटवले, कंपन मोजणारे ॲक्सेलरोमीटर लावले. चार सिलिंडरच्या, चार स्ट्रोकच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. इंजिनाचे वेग दोनच: मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या मंद वेगावर सेकंदाला ५० स्फोट, २२०० फेऱ्यांवर साधारण ७३. आणि आमच्या लांबवलेल्या पाइपची स्वतःची कंपनसंख्या निघाली ४७. मंद वेगावर युनिट तासन्‌तास चालतं, आणि तो सगळा वेळ पाइप जवळपास त्याच्याच तालावर डोलत होता.

पहिली सूचना सगळ्यांकडून एकच येते: आणखी एक क्लॅम्प मारा. क्लॅम्पने पाइप ताठ होतो, संख्या वर जाते. पण वर म्हणजे कुठे? ५० च्या वीस टक्के वर गेलो की ६०, आणि ७३ पाइपच्या संख्येच्या वीस टक्के वर राहायला हवेत तर संख्या ६१ च्या पुढे नको. उरते ती चिंचोळी पट्टी, आणि उत्पादनातला प्रत्येक पाइप तिच्यात बसवायचा. त्यात ही सक्शन लाइन. इन्सुलेशनला कुठे चीर गेली की तिच्यावर बर्फ चढतो, वजन वाढतं, संख्या उतरते. वजन दहा टक्के वाढलं की संख्या पाच टक्के खाली. म्हणजे चाचणीत पास झालेला पाइप बर्फ चढल्यावर नेमका पन्नासच्या दिशेने घसरणार.

म्हणून आम्ही उलट्या दिशेने गेलो. क्लॅम्प काढला, पाइपला एक मोठं वळण दिलं, संख्या तीसवर आणली. तिथे खाली २५ आणि वर ३७ असे इंजिनाच्या फेऱ्यांचे ताल आहेत खरे, पण चार सिलिंडरच्या ओळीच्या इंजिनात ते क्षीण असतात. बर्फ चढून अठ्ठावीसपर्यंत उतरलं तरी बिघडत नाही. वळण मात्र उभं ठेवता येत नव्हतं, कारण खालच्या पोटात तेल साचतं. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल फिरत असतं आणि ते परत यावंच लागतं. उभ्या पाइपात वर चढायला गॅसचा वेग सेकंदाला पाच मीटरच्या आसपास तरी हवा, आणि कमी लोडवर तो मिळेल याची खात्री नसते. वळण आडवं टाकलं, कॉम्प्रेसरकडे किंचित उतार दिला. त्या जागी आधीपासून वायरिंगचा जुडगा होता. त्यावरून इलेक्ट्रिकलच्या मंडळींशी झालेली खडाजंगी इथे सांगत नाही.

मार्ग पक्का करण्याआधी सर्व्हिसच्या एका जुन्या मेकॅनिकला बोलावलं. ते युनिटभोवती एक चक्कर मारून वाकले आणि म्हणाले, “मॅडम, हा ड्रायर बदलायचाय समजा. हात कुठून घालू, दाखवा बरं.” मी दाखवला. “आता हातमोजा घालून दाखवा.” नाही गेला. ड्रायर, म्हणजे गॅसमधली ओल टिपणारा डबा, दुसऱ्या बाजूला वळवला, एक ब्रॅकेट छोटा केला. पाना फिरवायला किती जागा लागते हे थ्री-डी मॉडेलमध्ये मोजता येतं. शिडीवर उभं राहून, पावसात, एका हाताने टॉर्च धरलेला असताना किती लागते, ते मोजता येत नाही.

युनिट शिडी लागेल इतक्या उंचावर का, याचंही उत्तर रस्त्यातच आहे. १९३८ मध्ये फ्रेडरिक मॅककिन्ली जोन्स या बव्हंशी स्वतःच शिकलेल्या अमेरिकी तंत्रज्ञाने ट्रकसाठी यांत्रिक युनिट उभं केलं तेव्हा ते गाडीच्या पोटाखाली होतं. चिखल-धुळीने तिथे त्याचे हाल होऊ लागले, म्हणून पुढे हलकं करून समोरच्या भिंतीवर नेलं. जोन्स आणि त्यांचे भागीदार जोसेफ न्यूमेरो यांना १९९१ मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मरणोत्तर मिळालं.

सुधारित पाइप आणि ताट घेऊन काही युनिट्स रस्त्यावर धावली. पाइप टिकले. तक्रार आली ती भलतीकडून: रबराच्या चोचीत पॅकिंगचे प्लॅस्टिकचे तुकडे अडकत होते. ताटाच्या भोकावर जाळी टाकली तर जाळीवर बर्फ, म्हणून जाळी नाही. चोच थोडी मोठी केली आणि ती हाताने ओढून साफ करता येईल अशी ठेवली. त्यानंतर ड्रॉइंग्ज उत्पादनाला गेली.

सध्या त्याच चौकटीत विजेवर चालणारं युनिट बसवायचं चाललंय. इंजिन नाही, पट्टे नाहीत, कॉम्प्रेसर बंदिस्त, त्यामुळे शाफ्ट सीलमधून होणारी गळतीही गेली. पंखे स्वतंत्र मोटरवर, म्हणजे झडपही गेली. सक्शन लाइनचं दुखणं मात्र नव्या रूपात आलंय. इंजिनाचे दोनच वेग होते, त्यांच्यामध्ये जागा शोधता येत होती. हा कॉम्प्रेसर इन्व्हर्टरवर कुठल्याही वेगाने फिरतो, म्हणजे पाइपची संख्या कुठेही ठेवली तरी कधी ना कधी गाठ पडणारच. त्यामुळे काही वेग कंट्रोलरनेच वगळायचे, त्यांवर न थांबता पुढे सरकायचं, असं ठरलंय. कुठले वगळायचे ते बर्फ चढलेल्या आणि कोरड्या, दोन्ही पाइपांवर मोजणं चालू आहे, आणि वगळलेल्या पट्ट्या फार रुंद झाल्या तर तापमान सांभाळणं अवघड होतं, अशी कंट्रोलवाल्यांची कुरकुर सुरू झाली आहे.